विषय: आवाजी अ‍ॅपची चाचणी

कागदी प्रोटोटाइपवर, म्हणजे कागदावर काढलेल्या अ‍ॅपच्या कच्च्या नमुन्यावर, पडद्याची मांडणी तपासता येते हे खरंच, पण बोलून चालणाऱ्या अ‍ॅपसाठी आधी कोड लिहावाच लागतो, हे इथल्या चर्चेतलं म्हणणं मला पटत नाही. आयबीएममध्ये जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘ऐकणारा टाइपरायटर’, म्हणजे बोललेलं ऐकून टाइप करणारं यंत्र, ते तयार नसतानाच तपासला. तो अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस पत्र तोंडी सांगायचा, दुसऱ्या खोलीतला टायपिस्ट ते टाइप करायचा, आणि ठरवलेल्या शब्दसंग्रहाबाहेरचा शब्द आला की पडद्यावर नुसत्या फुल्या उमटायच्या. मर्यादित शब्दांत लोकांचं कितपत भागतं, हे त्यातून आधीच कळलं.

शेतकऱ्यांच्या हवामान अ‍ॅपसाठी आम्ही असंच केलं. ‘हवामान अंदाज सांगा’ असं कुणी म्हणेना. थेट ‘उद्या फवारू का?’ विचारायचे. सगळी प्रश्नयादी तिथेच बदलली.