युओटूची डीएफटी : आधी धातू दाखवलं, आता प्रत्येक रनला वेगळी एनर्जी. काय चुकतंय?

रांगेतली :
नमस्कार मंडळी. पीएचडीचं पहिलंच वर्ष, विषय न्यूक्लियर फ्युएलचं मॉडेलिंग. गाइड म्हणाले आधी युरेनियम डायऑक्साइडची (युओटू) साधी 12 अणूंची सेल, म्हणजे स्फटिकाचा परत परत येणारा तुकडा, डीएफटीने (इलेक्ट्रॉनचं क्वांटम गणित) रन करून बघ, मग झेनॉनकडे (फिशनमध्ये, म्हणजे अणू फुटताना तयार होणारा वायू) वळू. लॅटिस पॅरामीटर (सेलच्या बाजूची लांबी) एक्सपेरिमेंटच्या 5.47 अँगस्ट्रॉमच्या टक्काभर इकडेतिकडे आला म्हणून मी खूश, आणि डेन्सिटी ऑफ स्टेट्स (कुठल्या एनर्जीला इलेक्ट्रॉनसाठी किती जागा) काढली तर फर्मी लेव्हलवर (भरलेल्या जागा संपतात तिथे) हा एवढा डोंगर, म्हणजे चक्क धातू! खरा बँड गॅप (भरलेल्या नि रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर) 2 ईव्हीच्या (इलेक्ट्रॉनव्होल्ट) आसपास आहे ना? मग हबर्ड यू (एकाच अणूवरच्या इलेक्ट्रॉनमधल्या ढकलाढकलीची दुरुस्ती) घातला, 4 ईव्ही. गॅप उघडला पण आता नवीनच भानगड, तीच इनपुट फाइल, एक अणू किंचित हलवून परत रन केली की टोटल एनर्जी वेगळी, आणि फरक बारीकसारीक नाही, ईव्हीच्या घरात. कन्व्हर्जन्स दरवेळी व्यवस्थित दाखवतो. आठवडा गेला यात. माझं चुकतंय का कोडचं? आणि खरं सांगू का, एवढी साधी गोष्ट धड येत नसेल तर या आकड्यांवर रिअॅक्टरमधल्या इंधनाबद्दल कोण काय बोलणार असंही वाटायला लागलंय.

एफ_इलेक्ट्रॉन :
तुझंही नाही नि कोडचंही नाही, या मटेरियलमध्ये सगळेच एकदा इथे आपटतात. युओटू हा मॉट इन्सुलेटर. युरेनियमवर 5एफचे दोन इलेक्ट्रॉन असतात, ते आपापल्या अणूला चिकटून बसतात, पण साधी डीएफटी त्यांना सगळीकडे पसरवून टाकते, म्हणून धातू दिसतो. यू घातलास की ते जागेवर बसतात, पण सात ऑर्बिटल्सपैकी कुठल्या दोनात बसायचं याचे बरेच पर्याय असतात आणि सॉल्व्हर पहिल्या सापडेल त्या खड्ड्यात जाऊन पडतो नि वर सांगतो झालं कन्व्हर्ज. म्हणजे तुझे रन चुकीचे नाहीत, ते वेगवेगळ्या मेटास्टेबल स्टेट्स आहेत.

उपाय दोन. एक तर ऑक्युपेशन मॅट्रिक्स (कुठल्या ऑर्बिटलमध्ये किती इलेक्ट्रॉन याचा तक्ता) स्वतः हाताने देऊन सुरुवात कर, निरनिराळ्या मॅट्रिक्स घेऊन सगळे रन लाव आणि सगळ्यात खालची एनर्जी धर. नाहीतर यू शून्यापासून हळूहळू वाढवत ने, प्रत्येक पायरीला आधीची वेव्हफंक्शन वाचायला लावून. मी पहिलंच करतो, कंटाळवाणं आहे पण निदान आपण काय केलं ते माहीत असतं. सिमेट्री बंद ठेव. आणि अँटिफेरोमॅग्नेटिक (अणूंचे चुंबक एकमेकांच्या उलट) लावलंयस ना? (30 केल्विनच्या वर ती ऑर्डर राहत नाही हे खरं, तरी गणितात ठेवायची.) जुने पेपर वाचताना एकाच डिफेक्टची (जाळीतली खोट) फॉर्मेशन एनर्जी, म्हणजे तो तयार व्हायला लागणारी एनर्जी, एकीकडे एक नि दुसरीकडे भलतीच दिसेल, त्यातली बरीच गडबड याच खड्ड्यांची आहे.

लाखभर_अणू :
मी तर म्हणेन डीएफटीत अडकूच नका, मॉलेक्युलर डायनॅमिक्स (अणू गोळ्यांसारखे धरून त्यांची हालचाल) करा. 2014 पासून कूपर-रश्टन-ग्राइम्स पोटेन्शियल (अणूंमधल्या ओढाताणीचं सूत्र) आहे, थर्मल एक्सपान्शन, स्पेसिफिक हीट 3000 केल्विनपर्यंत मस्त देतं, 2600-2700 केल्विनला ऑक्सिजनची जाळी कशी सैल पडते तेसुद्धा दिसतं. लाखो अणू घ्या, बँड गॅपची कटकटच नाही.

एफ_इलेक्ट्रॉन :
कटकट नाही कारण त्यात इलेक्ट्रॉनच नाहीत राव. ऑक्सिजन जास्त झाला की युरेनियमचा चार्ज बदलतो, तो हिशोब फिक्स्ड चार्जवाल्या पोटेन्शियलला कसा कळणार. आणि तुमचे लाखो अणू धावतात नॅनोसेकंदभर, पेलेट (इंधनाची वडी) रिअॅक्टरमध्ये बसते काही वर्षं.

पेलेटवाला :
मी दुसऱ्या टोकाला असतो, फ्युएल परफॉर्मन्स कोड (रिअॅक्टरमध्ये इंधन कसं वागेल ते काढणारा) चालवतो, त्यामुळे ताईंच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो. तुमचा आकडा जातो कुठे ते बघा. शंभर फिशनमागे झेनॉन-क्रिप्टॉनचे 25 ते 30 अणू तयार होतात. त्यांना युओटूत विरघळायला जागा नाही, मग ते व्हेकन्सी (जाळीतल्या रिकाम्या जागा) धरून ग्रेनच्या (स्फटिकाच्या कणाच्या) कडेपर्यंत सरकतात, तिथे बुडबुडे होतात, बुडबुडे एकमेकांना जोडले की गॅस बाहेर. सरकण्याचा वेग एक्स्पोनेन्शियल, त्यामुळे मायग्रेशन एनर्जीत (सरकताना ओलांडावा लागणारा बॅरियर) 0.5 ईव्ही चुकलात तर 1500 केल्विनला डिफ्यूजन जवळजवळ 50 पट चुकतं, 1200 ला सव्वाशे पट. (साधारण 1000 सेल्सियसच्या खाली मात्र फिशनचे तुकडेच अणूंना ढकलत असतात, तिथे तुमचा बॅरियर फारसा कामाचा नाही, हे लक्षात असू द्या.)

आता तापमान. पेलेटच्या मधल्या भागातला आणि पृष्ठभागावरचा फरक म्हणजे लिनिअर पॉवर (दर मीटर लांबीमागची) भागिले चार पाय के (के म्हणजे इंधनाची उष्णतावाहकता), त्रिज्या त्यात येतच नाही. 20 किलोवॅट प्रति मीटर धरा, के 3 असेल तर फरक 530 अंश, के 2.5 झाला की 640 च्या जवळ. के थोडा घसरला की मध्यभाग शंभर अंशांनी वर, आणि के घसरतोच, कारण इंधन जळेल तशी जाळी फिशन प्रॉडक्ट्स नि डिफेक्टनी भरत जाते. त्यात बाहेर आलेला झेनॉन पेलेट आणि क्लॅडिंग (बाहेरची धातूची नळी) यांच्यामधल्या हेलियममध्ये मिसळतो, तो हेलियमपेक्षा पंचवीसेक पट वाईट वाहक, म्हणजे पेलेट अजून तापते, अजून गॅस सुटतो. अशा चक्रात तुमचा 0.5 ईव्ही पडला की काय होतं ते तुम्हीच बघा.

आमच्याकडची लबाडीही सांगतो, डिफ्यूजन कोएफिशंट चुकीचा असला तरी दुसरा एखादा पॅरामीटर पिळून मोजलेल्या गॅस रिलीजशी जुळवता येतो, आणि ग्राफ देखणा दिसतो. फक्त डोप केलेलं (मुद्दाम दुसरं काही मिसळलेलं) किंवा वेगळ्या ग्रेन साइजचं इंधन आलं की सगळं कोसळतं. म्हणून खालून येणारा आकडा लागतो, पण एरर बारसकट द्या. एकच आकडा दशांशाच्या तीन घरांपर्यंत पाठवणाऱ्यांची मला भीती वाटते.

रांगेतली :
आभारी आहे सगळ्यांची. वेगवेगळ्या मॅट्रिक्स देऊन नऊ रन लावले, त्यातल्या दोन माझ्या आधीच्या ‘उत्तरापेक्षा’ खाली गेल्या आणि दोघींची एनर्जी एकमेकींशी जुळतेय, गॅपही 2 च्या जवळ. गाइडना दाखवलं तर म्हणाले आता 96 अणूंच्या सेलमध्ये झेनॉन बसव. @एफ_इलेक्ट्रॉन, मग तिथे 32 युरेनियम, प्रत्येकाची मॅट्रिक्स हाताने द्यायची?

एफ_इलेक्ट्रॉन :
हो. स्क्रिप्ट लिही. आणि डिफेक्टच्या शेजारचे युरेनियम वेगळे वागतात, ते आधी तपास.