गेटवरची बॅटरी

(सोसायटीचा ग्रुप, मंगळवार ते रविवार)

सेक्रेटरी, ए-१०२ (मंगळ. रात्री ९:०५)
नमस्कार मंडळी. काल रात्री लाईट गेली तेव्हा वॉचमन मामा जनरेटर लावायला मागे गेले आणि अर्ध्या वाटेत हातातली बॅटरी विझली. पाय चेंबरच्या कडेवर पडला. घोटा सुजलाय, एक्स-रे काढला, मोडलेलं नाही. पण या वर्षातली ही बिघडलेली तिसरी बॅटरी. चौथी कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. आता एकदाच नीट काय ते घेऊ. रविवारच्या मीटिंगआधी सुचवा. नुसती लिंक टाकून पळू नका, कारण सांगा.

खजिनदार, बी-१०३ (९:११)
मामा बरे आहेत ना? बॅटरीचं म्हणाल तर स्टेशनबाहेर २५० ला मिळते. मागे घडीची पिन असते, सरळ प्लगात खोचायची. येताना दोन आणतो.

सेक्रेटरी, ए-१०२ (९:१२)
तीच तर विझली.

साने काका, ए-२०१ (९:२०)
माझ्याकडे वडिलांची पितळी एव्हरेडी आहे, तीन मोठ्या सेलची. हातातून पडली तर फरशीला तडा जाईल, तिला काही होणार नाही. आजकाल असा माल नाही.

नेहा, सी-३०१ (९:२२)
काका, लागते का ती?

साने काका, ए-२०१ (९:२३)
सेल नाहीत.

मिलिंद, सी-५०४ (९:४१)
अखेर माझा विषय निघाला 🙏 घरी बायको ऐकत नाही, इथे लिहितो.

मागच्या वेळची मेलेली बॅटरी मी उघडून पाहिली होती. घडीच्या पिनवाल्या स्वस्त बॅटऱ्यांत बहुधा शिशाचा छोटा सेल असतो, म्हणजे गाडीच्या बॅटरीचं धाकटं भावंड. तो पूर्ण उतरवून चार-आठ दिवस तसाच ठेवला की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग तो कधीच पूर्वीइतका भरत नाही. म्हणून कायम प्लगला लावून ठेवावी, तर आत चार्जिंग थांबवणारं काही नसतं, एक कपॅसिटर आणि दोन-चार डायोड. सेल सुकतो. आपल्या गेटवर दोन्ही होतं. आठवडाभर कोणी बघत नाही आणि मग चार दिवस कोणी काढत नाही. मामांचा यात काडीचा दोष नाही.

ए-४०१ (९:४४)
उद्या पाणी सकाळी ६ लाच येणार का?

खजिनदार, बी-१०३ (९:५०)
मिलिंद, ऑनलाइन ४९९ मध्ये १ लाख लुमेनची दिसतेय, झूम होते, सेलसकट. आता काय म्हणशील?

मिलिंद, सी-५०४ (१०:०२)
लुमेन म्हणजे उजेडाचं माप. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब ८००-९०० लुमेन देतो. साध्या हॅलोजनच्या गाडीचा एक हेडलाईट हजार-दीड हजारांत असतो. मुठीत मावणारी बॅटरी १ लाख देणार असेल तर तिला गेटवर नको, स्टेडियमवर लावू.

सोबतच्या सेलचीही तीच गत. त्या लिथियम सेलला १८६५० म्हणतात, कारण १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्या मापात आजच्या घडीला ३५००, फार तर ४००० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) मावतं. पण स्वस्तातल्यांवर छापलेलं असतं ९९००. एक मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, हा ३१ भरला. पैसे ९९०० चे आणि वजन पेढ्याएवढं.

जोशी काकू, बी-२०२ (१०:१५)
मला यातलं काही कळत नाही, पण एक सांगते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबई-ठाण्याची लाईट गेली होती, आठवतं का? भर दिवसा. आमच्या जिन्याला खिडकी नाही. आमच्याकडे काम करणारी ताई मोबाईलचा लाईट लावून उतरत होती, दुसऱ्या हातात पिशवी, कठडा धरायला हातच नाही. फोन पडला, काच गेली, तो फोन तिच्या मुलाच्या ऑनलाइन शाळेचा होता. तेव्हापासून मी पर्समध्ये एक बारकी बॅटरी ठेवते. पण हवी तेव्हा ती नेमकी उतरलेली असते.

मिलिंद, सी-५०४ (१०:१९)
काकू, पर्समध्ये दाबली जाऊन पेटत असेल. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. आटे रंगवलेले (ॲनोडाइज केलेले) असतील तर तेवढ्याने सर्किट तुटतं, मग बटण कितीही दाबलं गेलं तरी पेटत नाही. तरीही पेटली तर समजा आटे नागडे ॲल्युमिनियमचे आहेत. ही खूण दुकानात उभ्याउभ्यासुद्धा बघता येते.

जोशी काकू, बी-२०२ (१०:३१)
अरे खरंच की! पेटत नाहीये आता.

नेहा, सी-३०१ (बुध. सकाळी ७:५०)
मी कळसूबाईच्या शिड्या रात्री चढले आहे, तेव्हा माझंही ऐका. उजेड किती यापेक्षा बटण कसं हे आधी बघा. माझ्या पहिल्या बॅटरीला पाच मोड होते. मंद करायला गेलं की आधी लुकलुक आणि मग एसओएस. अरुंद शिडीवर मागच्याच्या डोळ्यांत लुकलुक मारली की तो जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

आणि रंग. निळसर झगझगीत उजेडात वाळकं पान, दोरी आणि घोणस सगळं एकाच राखी रंगाचं दिसतं. गेल्या पावसाळ्यात सी विंगच्या मागे घोणस निघाली होती, विसरलात का? मण्यार तर बाहेरच रात्री पडते. दुकानदाराला "जरा पिवळट, न्यूट्रल पांढरा" म्हणून सांगा, रंग खरे दिसतात.

साने काका, ए-२०१ (८:०५)
दुरुस्ती. सेल होते. आत फुगून बसलेत, निघत नाहीत. हिरवं-पांढरं काहीतरी आलंय.

मिलिंद, सी-५०४ (८:१२)
काका, हातमोजे घाला. जुने साधे लाल सेल असतील तर त्यांचं गळणं आम्लाचं असतं, खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुसा. अल्कलाईन असतील तर उलटं, व्हिनेगर किंवा लिंबू. सेल निघत नसेल तर ठोकू नका, मी संध्याकाळी येतो.

खजिनदार, बी-१०३ (१:४०)
जेवणाच्या सुट्टीत व्हाउचर काढले. एप्रिल २०२२ पासून ११ बॅटऱ्या, एकूण २,८९०. बोलायला लाजच वाटते. तरी मिलिंद, दीड हजाराच्या बॅटरीत असं काय असतं ते सांग. नाव आणि पॉलिश सोडून.

मिलिंद, सी-५०४ (२:१५)
काका, अगदी रास्त प्रश्न. मुख्य पैसे जातात ते उजेड स्थिर ठेवणाऱ्या सर्किटचे. स्वस्त बॅटरीत सेल आणि एलईडीच्या मध्ये एक रेझिस्टर किंवा तोही नाही. सेल उतरला की उजेड उतरतो, पहिल्या दहा मिनिटांत सगळी मिजास संपते. चांगल्यात सर्किट सेलमधून मोजून घेतं, त्यामुळे शेवटपर्यंत जवळपास तेवढाच उजेड आणि संपायच्या आधी इशारा.

मग स्विच. गेटवर दिवसात चाळीस वेळा दाबला जाणार, मरतो आधी तोच. मागची स्प्रिंग बोटाने दाबून बघा, तारेसारखी लिबलिबीत असेल तर खाली ठेवा. झाकणाला रबरी रिंग आहे का बघा. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. आपल्याकडचा जुलै या दोघांच्या मधला असतो, म्हणून ७ घ्या. झूमवाली पुढेमागे सरकताना आत हवा आणि ओल ओढते, ती नको.

खोक्यावरच्या आकड्यांचीही गंमत ऐका. एएनएसआय एफएल-१ (बॅटऱ्यांसाठीचं अमेरिकन मानक) असं लिहिलं असेल तर ठरलेल्या पद्धतीने मोजलंय, हे चांगलंच. पण त्यात उजेड मोजतात सुरू केल्यावर अर्धा ते दोन मिनिटांत, आणि "किती तास" म्हणजे तो उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणून "१००० लुमेन, ३ तास" याचा अर्थ तीन तास हजार नव्हे. छोटी बॅटरी तापते, काही मिनिटांत स्वतःच खाली येते. अंतराचंही तसंच. जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो तिथपर्यंत मोजतात. २०० मीटर लिहिलं असेल तर कामाचं त्याच्या निम्मंही धरू नका.

आणि हो, दोन-तीन हजारांच्या वर जे जातं ते माझ्यासारख्यांच्या हौसेचं. सोसायटीने त्यात पडू नये.

खजिनदार, बी-१०३ (२:१८)
घरी किती आहेत तुझ्या?

मिलिंद, सी-५०४ (२:१९)
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

मिलिंद, सी-५०४ (रात्री ९:३५)
प्रयोग सुरू. बाथरूममध्ये तीन बॅटऱ्या एकदम सुरू, मोजताना एकेक करून छताकडे तोंड, बेसिनवर फोन, फोनवर उजेड मोजायचं ॲप. १) गेटवरची, आज दिवसभर चार्ज केलेली. २) दोन पेन्सिल सेलची साधी, आत चार्ज होणारे सेल. ३) माझी १८६५० वाली. दुसरी-तिसरी दोन्ही १०० लुमेनच्या आसपास ठेवल्यात. पहिलीला एकच मोड, जय श्रीराम म्हणून लावायची.

मिलिंद, सी-५०४ (९:५०)
गेटवरची सुरुवातीला दुसरीहून जास्त होती. आता निम्मी.

मिलिंद, सी-५०४ (१०:२०)
गेटवरची आता फक्त स्वतःला दिसतेय.

नेहा, सी-३०१ (१०:२२)
दादा, आंघोळीला कुठे जाणार उद्या सगळे 😄

मिलिंद, सी-५०४ (गुरु. सकाळी ६:४०)
पेन्सिल सेलवाली रात्री १:१५ पर्यंत जागच्या जागी होती, मग भराभर उतरली. म्हणजे जवळपास पावणेचार तास. १८६५० वाली सकाळी सव्वासहाला बसली, जवळजवळ पावणेनऊ तास. माझं मत ठरलं. १८६५० च्या दोन घेऊ, टाइप-सी चार्जिंगच्या. फक्त सोबतची केबल जपायची. काही बॅटऱ्या दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, आत दोन क्षुल्लक रेझिस्टर घालायचे वाचवलेले असतात. लोकांना वाटतं बॅटरी बिघडली.

सेक्रेटरी, ए-१०२ (शुक्र. रात्री ८:३०)
मामांना भेटून आलो, चालू लागलेत. त्यांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "साहेब, चार्जिंगचं नको. माझी नाईट सुटली की दुसरा येतो, तो म्हणणार मी का लावू. आणि लाईट जाते तेव्हाच ती उतरलेली असते. सेलची द्या. सेल संपला तर पहाटे टपरीवाल्याकडेही मिळतो." आणखी म्हणाले, बटण मोठं पाहिजे, पावसात बोट सुन्न पडतं. आणि लुकलुक नको, कुत्री भुंकतात.

मिलिंद, सी-५०४ (८:५२)
बारा मिनिटं विचार केला. पटलं. बाथरूममध्ये मी तास मोजले, शिफ्ट बदलते हे मोजलंच नाही.

मग दोन पेन्सिल सेलची घेऊ, ॲल्युमिनियमची, एक बटण, दोनच मोड. आत चार्ज होणारे निकेलचे सेल, २००० एमएएचचे. हे रिकामे होऊन पडले तरी साध्या अल्कलाईनसारखे सहसा गळत नाहीत. दोन बॅटऱ्यांना चार सेल, आणखी चार ऑफिसच्या चार्जरवर भरलेले. आणि कधी कुणी चार्जच केले नाहीत, तर त्याच बॅटरीत वाण्याकडचा साधा पेन्सिल सेल बसतो. १८६५० कुठल्या वाण्याकडे मिळणार?

आणि सुटे लिथियम सेल गेटच्या खणात किल्ल्यांसोबत पडण्याची भीतीही गेली. किल्ली दोन टोकांना टेकली की शॉर्ट होऊन तापतो तो.

खजिनदार, बी-१०३ (९:०५)
हिशेब?

मिलिंद, सी-५०४ (९:१४)
बाजारात विचारून आलो. बॅटरी ९५० ची एक, दोनच्या १,९००. आठ सेल आणि चार्जर मिळून १,८५०. एकूण ३,७५०.

खजिनदार, बी-१०३ (९:१६)
सेल-चार्जरचे पैसे बॅटरीएवढेच?

मिलिंद, सी-५०४ (९:१७)
तेच तर तीन वर्षं वाचवत होतो आपण.

नेहा, सी-३०१ (९:२०)
चेंबरजवळ पिवळा पट्टा मारायचा खर्चही यात धरा. तिथे बॅटरी असूनही पाय अडकतो.

साने काका, ए-२०१ (शनि. सायं. ७:१०)
पितळी लागली!! मिलिंदने सेल काढले, सोडा लावला, नवीन मोठे सेल घातले. उजेड पिवळाजर्द. बाबांच्या खोलीसारखा. गेटवर देणार नाही.

सेक्रेटरी, ए-१०२ (रवि. दुपारी १:००)
मीटिंगमध्ये ३,७५० मंजूर, पिवळा पट्टाही. बॅटऱ्यांवर १ आणि २ असे नंबर टाकलेत, रजिस्टरला सही करूनच न्यायच्या. सेल बदलायचे दर सोमवारी, ऑफिसातल्या ताई बघतील. जुनी चौथी बॅटरी कोणाकडे असेल तर आणून द्या, ई-कचऱ्यात द्यायच्या आहेत सगळ्या एकदम.

खजिनदार, बी-१०३ (१:२५)
माझ्याकडे आहे. लाईट गेली तेव्हा नेली होती, इनव्हर्टरवर राहिली.

सेक्रेटरी, ए-१०२ (१:२६)
चालते का?

खजिनदार, बी-१०३ (१:३४)
नाही.