प्रति: नुसते सेन्सर लावून काय होणार
आदिवासींनी स्वस्त सेन्सर लावून आपली हवा स्वतः मोजण्याबद्दल वरच्या पोस्टमध्ये शंका घेतलीय. त्यात "आदिवासींनी मोजलेले आकडे विचारतो कोण" असं म्हटलंय, ते अर्धंच पटलं. अमेरिकेत मोंटानातल्या नॉर्दर्न शायेन या आदिवासी लोकांनी १९७७ मध्येच आपल्या रिझर्वेशनला (जमातीच्या राखीव प्रदेशाला) हवेसाठी 'क्लास वन' दर्जा मिळवला, म्हणजे मोठ्या नॅशनल पार्कांना असतं तेवढं कडक संरक्षण, आणि स्वतःहून असं करणारी ती पहिलीच जमात. शेजारच्या कोलस्ट्रिप गावात कोळशावरचं वीजकेंद्र वाढवायचं चाललं होतं, मग नव्या युनिट्सच्या धुराचा जास्त कडक बंदोबस्त करावा लागला, वर वीज कंपन्यांशी झालेल्या समझोत्यात हवा मोजायचे मॉनिटरही आले. प्रकरण कोर्टात गेलं, तिथेही दर्जा टिकला.

स्वस्त सेन्सरबद्दलची शंका मात्र रास्त आहे. पर्पलएअर या स्वस्त सेन्सरच्या बाहेर लावायच्या डबीत हवेतले कण मोजणारे दोन लेझर काउंटर असतात, एकात कोळी शिरला की दोघांचे आकडे जुळेनासे होतात, दमट हवेत आकडा उगाच चढतो, आणि वीजकेंद्राच्या चिमणीतला सल्फर डायऑक्साइड तर त्याला दिसतच नाही (लोक नेमकं हेच विसरतात). तो वायू मोजायला महागडा अ‍ॅनालायझर, तापमान सांभाळलेली खोली आणि नियमित कॅलिब्रेट करणारा (यंत्राचं माप तपासून जुळवणारा) माणूस लागतो, अन् त्याचा पगार बऱ्याचदा ग्रँटवर लटकलेला.