मदत हवी आहे: विंडोज, मॅक आणि लिनक्सवर एकच मराठी फाइल न बिघडता कशी फिरवायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं काम चालू आहे. संपादनाला आम्ही तिघं. सदाशिव पेठेतले काका विंडोजवर वर्ड वापरतात, औंधची चुलतबहीण मॅकवर पेजेस, आणि मी कोथरूडला उबुंटूवर लिब्रेऑफिस. मजकूर एकच, पण तिघांकडे तो तीन तऱ्हांनी दिसतो.

जुनी आवृत्ती अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी करून घेतली होती. त्या फाइली मिळाल्या हे नशीबच, पण मजकूर युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची समान सांकेतिक मांडणी) यायच्या आधीच्या फाँटमधला आहे. काकांच्या मशीनवर तो फाँट असल्यानं त्यांना स्वच्छ मराठी दिसतं. माझ्याकडे नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं.

नवा मजकूर युनिकोडमध्ये आहे. काका कोकिळा फाँटात टाइप करतात. तो विंडोजबरोबर येतो, आमच्या मशीनवर नाही, म्हणून तिथे दुसराच फाँट लागतो. कोकिळाची अक्षरं त्याच पॉइंटला बरीच लहान असतात, त्यामुळे माझ्याकडे पानं वाढतात आणि व्यक्तिसूचीत हातानं घातलेले पृष्ठांक सगळे चुकतात.

सर्वांत जास्त काळजी वंशवृक्षाची आहे. काकांनी तो टेक्स्ट बॉक्स आणि रेघा जोडून काढलाय. माझ्याकडे उघडला की रेघा सरकतात आणि एका भावाची मुलं दुसऱ्याच्या नावाखाली जातात. अशी चूक छापली गेली तर पुढची पिढी तीच खरी धरून चालेल. सासरी गेलेल्या मुलींची आणि त्यांच्या मुलाबाळांची माहिती आम्ही या आवृत्तीत पहिल्यांदाच पूर्ण घेतोय. ती सांगणाऱ्या आत्या आता थकल्यात, पुन्हा विचारायला जाता येईलच असं नाही.

पीडीएफ चालणार नाही, कारण तिघांनाही दुरुस्त्या करायच्या आहेत, आणि पीडीएफमधून देवनागरी कॉपी केली की काना-मात्रा विस्कटतात. काकांना ऑनलाइन टाइप करणं नको आहे, त्यांचा हात वर्डवर बसलाय आणि तो मोडावा असं मला वाटत नाही. तर फॉरमॅट कोणता ठेवू, फाँट कोणता घेऊ, आणि वंशवृक्ष कशात काढू?

प्रतिसाद:
काका वर्ड सोडणार नसतील तर डॉकएक्सच, म्हणजे वर्डचाच फॉरमॅट, ठेवा. लिब्रेऑफिसचा ओडीटी 2006 पासून आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मानक आहे, डॉकएक्सही 2008 पासून आहे, आणि वर्ड ओडीटी उघडतंही. पण फाइल दर वेळी एका फॉरमॅटातून दुसऱ्यात गेली की काहीतरी गळतं. पेजेसमध्ये तर डॉकएक्स उघडून पुन्हा निर्यातच करावी लागते. बहिणीला मॅकवर लिब्रेऑफिस घालायला सांगा, फुकट आहे.

फाँट मोफत परवान्याचा घ्या आणि तिन्ही मशीनवर तोच बसवा. माझी पसंती तिरो देवनागरी मराठी. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. त्याला ठळक रूप नाही, तेव्हा मथळ्यांना मुक्ता घ्या. एक महत्त्वाचं: वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हीकडे देवनागरीचा फाँट आणि आकार इंग्रजीहून वेगळा नोंदवला जातो. लिब्रेऑफिसात ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून भाषा मराठी निवडा. आणि फाँट निवडलेल्या मजकुराला नव्हे, स्टाइललाच (परिच्छेदाच्या ठरवून ठेवलेल्या रूपाला) लावा.

प्रतिसाद:
जुन्या फाइलींबद्दल. काकांच्या मशीनवर मजकुरात कर्सर ठेवून फाँटचं नेमकं नाव लिहून घ्या. त्या काळी प्रत्येक फाँटची सांकेतिक मांडणी वेगळी असायची, म्हणून परिवर्तक (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) नेमका त्याच फाँटचा हवा. तिथे पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफाराचंही उलटसुलट होतं. त्यामुळे परिवर्तनानंतर ऱ्हस्व वेलांट्या, रफार आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ डोळ्यांखालून घालाच. एकानं जुनी छापील प्रत मोठ्यानं वाचावी, दुसऱ्यानं पडद्यावर पाहावं.

‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ नं, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. दिसायला सारखे, पण संगणकाला हे दोन वेगळे शब्द. शोधताना एक सापडतो, दुसरा राहतो, आणि सूचीत माणसं दोन ठिकाणी विभागली जातात. सगळ्या फाइलीत एकच प्रकार करून घ्या.

प्रतिसाद:
वंशवृक्ष वर्डमध्ये ठेवूच नका. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये शाखेगणिक वेगळा काढा, मूळ फाइल जपा आणि मजकुरात फक्त चित्र घाला. चित्रातल्या रेघा सरकत नाहीत. सूचीसाठी प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्या आणि पृष्ठांकाऐवजी तोच छापा. मग पानं कितीही हलली तरी सूची बिघडत नाही.

धागाकर्ती:
खूप आभार! व्यक्तिक्रमांकाची कल्पना काकांना फोनवर सांगितली, लगेच पटली. त्यांनी पहिल्या शाखेला क्रमांक द्यायला घेतलेसुद्धा. जुन्या फाँटचं नाव उद्या पाठवतील. शेवटची शंका: काकांनी ट्रॅक चेंजेस (दुरुस्त्यांची नोंद ठेवणारी वर्डची सोय) लावून केलेल्या दुरुस्त्या मला लिब्रेऑफिसात दिसतील ना?

प्रतिसाद:
दिसतील, डॉकएक्समध्ये, दुरुस्ती करणाऱ्याच्या नावासह, आणि तुम्हाला त्या मान्य-अमान्यही करता येतील. मात्र प्रकरणागणिक वेगळी फाइल करा, आणि एक प्रकरण एका वेळी एकाकडेच असू द्या. शेवटी सगळी प्रकरणं एकाच मशीनवर जोडून तिथूनच छापखान्याची पीडीएफ काढा. फाँटचं नाव आलं की इथेच टाका, परिवर्तक शोधून देतो.