समुद्री टँकचं पाणी ३० च्या वर जातंय, कोरल आक्रसलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, खाली संप (पंप-फिल्टरची जोडटाकी), दीड वर्ष झालं चालू करून. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, थोडे झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे छोटे पॉलिप) आणि एक हॅमर कोरल, तो आणला तेव्हा दोन डोक्यांचा (म्हणजे दोन पॉलिपचा) होता आणि आता सात आहेत, त्यामुळे त्याच्यावर जरा जास्तच जीव आहे माझा. गेल्या दहा-बारा दिवसांत ऊन इतकं तापलंय की दुपारी चारला थर्मामीटर ३०.८ दाखवायला लागला आणि सकाळी सहाला २७.५, म्हणजे रोज तीन डिग्रीचा झोका.

एके दिवशी पहाटे उठले तर दोन्ही क्लाउन अगदी वर, पंपाचं पाणी पडतं तिथे तोंड लावून उभे, कल्ले भराभर हलतायत. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, खाऱ्या पाण्यात तर गोड्यापेक्षाही कमी, आणि रात्रभर लाइट बंद असल्यावर शेवाळ काय कोरल काय सगळेच तो वापरतात, हे माहीत होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर पोटात गोळाच आला. पावरहेडचं (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड वर केलं, वरचं पाणी चांगलं खळबळायला लागलं तसे अर्ध्या तासात मासे खाली गेले. हॅमर मात्र दुपारी पार आत ओढलेला असतो आणि कडेचं एक डोकं फिकं वाटतंय.

आधी बर्फ करून बघितला. लिटर लिटरच्या तीन बाटल्या गोठवून, झाकण घट्ट लावून संपमध्ये सोडल्या, जेमतेम एक डिग्री उतरलं आणि बर्फ वितळला की परत चढलं, म्हणजे झोका कमी व्हायच्या ऐवजी दिवसातून दोनदा व्हायला लागला. ते बंद केलं. मग टँकचं काचेचं झाकण काढून जाळी टाकली (गोबी उडी मारतो) आणि संपवर टेबलफॅन लावला. दुपारचं ३०.८ होतं ते २८.४ वर आलं! पण पाणी किती उडतं, रोज चार लिटर. पहिले तीन दिवस माझ्या लक्षातच आलं नाही, संपची पातळी उतरून पाणी वर टँकमध्ये पाठवणारा रिटर्न पंप घुर्रघुर्र करत हवा ओढायला लागला तेव्हा कळलं, रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा बघितला तर ३५ चं ३७ (दर हजारी) झालेलं. मीठ आतच राहतं ना. आता रोज सकाळ-संध्याकाळ साधं आरओ पाणी थोडं थोडं घालते, दोन दिवस घेऊन परत ३५ वर आणलं.

आता अडचण अशी की हवा दमट झाली की फॅनचा काही उपयोग होत नाही, काल २९.५ होतं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावा का? खोली लहान आहे, चिलर गरम हवा त्याच खोलीत सोडणार. आणि कोरलला जास्त त्रास कशाचा, कायम २८.५ असण्याचा की २६ ते २९ असं वरखाली होण्याचा?

प्रतिसाद:
ताई, फॅन काढू नका. एक लिटर पाणी उडतं तेव्हा २०० लिटरच्या टँकमधून साधारण तीन डिग्रीइतकी उष्णता घेऊन जातं, दमट हवेत उडणंच कमी होतं म्हणून काल चाललं नाही. माझ्या मते वरखाली होण्यापेक्षा २८ ला स्थिर बरं, तेव्हा २६ च्या मागे लागू नका. फॅनला टेंपरेचर कंट्रोलर लावा आणि २७.५ वर सेट करा. त्याआधी हीटरचा प्लग काढा, थर्मोस्टॅट अडकून हीटर चालूच राहतो असं मी स्वतः बघितलंय. लाइट कधी लावता? दुपारी असेल तर संध्याकाळवर न्या. पाण्यात बुडालेले पंप जेवढी वीज खातात ती शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरते, जास्तीचा एखादा असेल तर काढा. स्किमर (बुडबुड्यांनी घाण काढणारा फिल्टर) रात्रीही चालू ठेवा, हवा मिळते. हे सगळं करूनही २९ च्या वर जात असेल तर चिलर घ्याच, पण त्याची गरम हवा खिडकीबाहेर जाईल असा ठेवा, बंद कपाटात कोंबला तर तो स्वतःच तापतो. आणि वीज गेली तर बॅटरीवरचा एअरपंप घरात हवाच.

मी परत:
दादा, खूप आभार. हीटर काढून बघितला, तो ठीक होता, तरी आता काढूनच ठेवलाय. लाइट दुपारी बारा ते आठ होते ते संध्याकाळी सहा ते एक केले, संपमधला एक जुना पंप बंद केला. आज दमट असूनही चारला २८.६, सकाळी २७.६. एकच डिग्रीचा फरक! हॅमरची सहा डोकी संध्याकाळी उघडली. सातवं अजून फिकंच आहे, अंगात राहणारं, रंग देणारं शेवाळ बाहेर टाकलं असावं असं वाटतंय. लाइटची तीव्रता थोडी कमी केलीये आणि त्याला जागेवरून हलवलेलं नाही. त्याला भरवायचा प्रयत्न करू का नुसतं सोडून देऊ? कोणाचा फिका पडलेला हॅमर परत रंगावर आला असेल तर कृपया सांगा, किती दिवस लागले तेही.