८ जीबी रॅम, डिस्कवर स्वॅप आधीच आहे, हायबरनेट पण लागतं: झेडरॅम लावू की झेडस्वॅप?

टर्मिनलप्रेमी:
मंडळी, लिनक्सवाला लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, एसएसडीवर ४ जीबीचं स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की त्यातला डेटा ठेवायची डिस्कवरची जागा). एडिटर, डेटाबेस आणि ब्राउझरच्या भरपूर टॅब एकदम उघड्या असल्या की मशीन अडकतं, माऊसचा बाणसुद्धा हलत नाही, आणि नंतर बघितलं तर स्वॅप अर्धाच भरलेला असतो. जो तो म्हणतो झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारा स्वॅप) लाव. पण मला एक कळत नाही, रॅम कमी पडतेय म्हणून रॅममध्येच स्वॅप करायचा तर फायदा होणार कुठून, उलट आहे ती रॅम अजून कमी नाही का होणार? शिवाय झेडस्वॅप म्हणून अजून एक प्रकार दिसतोय, दोन्ही एकदम चालू ठेवायचे का? हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) रोज वापरतो, ते बंद पडायला नको.

पान४केबी:
रॅम आधीच बाजूला काढली जात नाही, बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो. झेडरॅमला ४ जीबी साईझ दिली म्हणजे कॉम्प्रेस न केलेला डेटा जास्तीत जास्त ४ जीबी घेईल एवढंच, रिकामं असताना ते नावापुरतीच जागा खातं. माझ्याकडे आत्ता झेडरॅमसीटीएल कमांड मारली तर डेटाच्या रकान्यात २.१ जीबी आहे आणि टोटलमध्ये ६४० एमबी, म्हणजे २.१ जीबीची पानं (मेमरीचे छोटे समान तुकडे) ६४० एमबीत बसली आणि मधला फरक तेवढा मोकळा झाला. प्रोग्रॅमच्या मेमरीत तेच ते पॉइंटर, मजकूर, शून्यं असं खूप काही असतं म्हणून ती चांगली दबते. अख्खं पान शून्यांचंच असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ते साठवत पण नाही, नुसती नोंद ठेवतो. पण एन्क्रिप्ट केलेला किंवा आधीच कॉम्प्रेस झालेला डेटा असेल तर पान जसंच्या तसं रॅममध्ये राहतं आणि तिथे मिळत काहीच नाही. आणि पान परत लागलं की उलगडायला काही मायक्रोसेकंद पुरतात, एसएसडीवरून आणायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

रात्रपाळी:
वरचं सगळं बरोबर. यात काही प्रयोगातलं नाही, ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्समध्ये मेमरी कॉम्प्रेशन आणलं, विंडोज १० मध्ये आहे, अँड्रॉइडच्या कितीतरी फोनांत झेडरॅम असतंच, फेडोरा ३३ पासून (२०२०) डिफॉल्ट आहे. तुम्ही झेडरॅम लावा, प्रायॉरिटी (कोणता स्वॅप आधी वापरायचा तो क्रम) १०० द्या आणि डिस्कचा स्वॅप खालच्या प्रायॉरिटीवर राहू द्या, म्हणजे हायबरनेटपण चालेल.

कर्नलवाचक:
रात्रपाळी, हा सल्ला सगळीकडे दिला जातो पण मला तो पटत नाही, कारण सांगतो. प्रायॉरिटी लावली की पानं आधी झेडरॅममध्ये जातात आणि ते भरलं की पुढची डिस्कवर. आता आधी बाहेर जाणारी पानं कोणती, तर सकाळी उघडून विसरलेल्या टॅबची, म्हणजे ज्यांना कोणी हातच लावणार नाही अशी. ती वेगवान जागा अडवून बसतात आणि दुपारी ज्यावर खरंच काम चाललंय ती पानं मात्र एसएसडीवर जातात, म्हणजे नेमकं उलटं.

झेडस्वॅप (कर्नल ३.११ पासून आहे) याच्या बरोबर विरुद्ध वागतो. तो वेगळं डिव्हाइस नाही, डिस्कच्या स्वॅपच्या पुढे बसलेला कॅश आहे, पान आधी रॅममध्ये दाबून ठेवतो आणि पूल (रॅममधली ही दाबलेल्या पानांची जागा) भरला की त्यातली सगळ्यात जुनी पानं डिस्कवर ढकलतो. डिस्क स्वॅप आधीच असेल तर माझं मत सरळ झेडस्वॅपला. डिस्कवर स्वॅप ठेवायचाच नसेल तर मग झेडरॅम एकटं लावा, आणि तेव्हा झेडस्वॅप बंद करा, नाहीतर तेच पान दोन ठिकाणी दाबायचा खटाटोप.

टर्मिनलप्रेमी:
खूप आभार, आता डोक्यात बसलं. पण स्वॅप अर्धा रिकामा असताना मशीन का अडकतं ते राहिलं. आणि मग स्वॅप बंदच केला तर?

कर्नलवाचक:
स्वॅप बंद केलात तर जास्त अडकेल. प्रोग्रॅमचा कोड फाईलमधून परत वाचता येतो म्हणून जागा हवी असली की कर्नल तो बिनधास्त टाकून देतो, पण प्रोग्रॅमने स्वतः घेतलेल्या मेमरीला स्वॅपशिवाय दुसरी जागाच नाही. स्वॅप नसेल तर चालू प्रोग्रॅमचा कोडच परत परत टाकायचा आणि परत परत डिस्कवरून आणायचा असं सुरू होतं, बाण थिजतो तो त्यामुळे. आणि स्वॅप किती भरलाय यावरून काहीच कळत नाही, व्हीएमस्टॅट १ चालवा आणि एसआय, एसओ (स्वॅपमधून आत येणारं, स्वॅपमध्ये बाहेर जाणारं) हे दोन रकाने बघा. अडकताना ते सतत मोठे असतील तर पानांची ये-जा चालू आहे, स्वॅप अर्धा रिकामा असला तरी.

करायचं एवढंच: ग्रबमधल्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कर्नल ओळीत झेडस्वॅप.एनेबल्ड=१, कॉम्प्रेसर एलझेड४ किंवा झेडएसटीडी (पहिला वेगात सरस, दुसरा जास्त दाबतो). पूलची मर्यादा डिफॉल्ट २० टक्के रॅम असते, ती सुरुवातीला तशीच राहू द्या. आणि ४ जीबीचा स्वॅप वाढवून ८ जीबीच्या वर न्या, कारण झेडस्वॅपमधल्या प्रत्येक पानासाठी डिस्कवर जागा राखलेली असते आणि हायबरनेटची इमेजपण तिथेच लिहिली जाते, ऐनवेळी जागा कमी पडली तर मशीन झोपणारच नाही.

पान४केबी:
हे वाचणाऱ्यांपैकी कोणी नुसतं झेडरॅम लावणार असेल तर पेज-क्लस्टर ० करा. डिफॉल्ट ३ म्हणजे स्वॅपमधून एकावेळी ८ पानं आणली जातात, फिरत्या डिस्कवर ते ठीक होतं, इथे सात पानं फुकट उलगडली जातात. स्वॅपिनेस (कर्नल स्वॅपकडे किती लवकर वळतो तो आकडा) कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत नेता येतो, झेडरॅमवर १०० च्या वर ठेवायला काहीच हरकत नाही.