मातीच्या भिंतीवर मांडणी टिकेना, लोखंडाला जंग. भांडी ठेवावी कशी?

धामणगावकर
स्वयंपाकखोली 8 बाय 10 फूट, भिंती मातीच्या, वर कवेलू. 4 फुटी स्टीलची मांडणी वरच्या बाजूनं सुटून राहिली. नवीन खिळा ठोकला की माती भसाभसा गळते. आषाढ लागला की बिडाचा तवा अन् लोखंडी कढई लाल होतात. जर्मनचे (अॅल्युमिनियमचे) गंज, म्हणजे पातेली, एकात एक घातले की फसतात. पितळी परात अन् पाण्याचे दोन गुंड सणावारालाच निघतात. नवीन कपाट घ्यायचं नाही. काय करावं?

सुतारकाम
खिळा बदलून उपयोग नाही. मातीची भिंत वरून भार घेते, पण ओढ घेत नाही, अन् भरलेली मांडणी वरच्या खिळ्याला बाहेरच ओढते. स्क्रूभोवती बसवायची प्लास्टिकची गिट्टी विटेत नाहीतर काँक्रीटमध्येच फुगून पकडते, मातीत नाही.

भिंत ठोकून पाहा. जुन्या घरात आत लाकडी खांब असतात, तिथं आवाज बदलतो. दोन खांब सापडले तर 3 इंच रुंद, दीड इंच जाड सागाची पट्टी त्यांवर आडवी बसवा अन् मांडणी पट्टीवर टांगा. सारवणाचा थर ओलांडून स्क्रू खांबात निदान दीड इंच गेला पाहिजे, म्हणजे साडेतीन-चार इंची लागेल. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर जुनं लाकूड चिरते.

खांब नसले तर मांडणीला 25 मिमी अँगलचे पाय लावून घ्या. वजन जमिनीवर, भिंतीला फक्त टेकू. पायाखाली फरशीचे तुकडे ठेवा. सारवलेल्या जमिनीत लोखंड रुतते अन् ओलीनं सडते. चुलीच्या भिंतीला मांडणी नकोच, भांड्यांवर काजळी बसते.

जवसवाली
बीड नुसतं पुसून कोरडं होत नाही, खरबरीत अंगात पाणी राहते. धुतल्यावर मंद आचेवर 2-3 मिनिटं ठेवा. कोमट असतानाच 4-5 थेंब तेल चोळा, मग कोरड्या फडक्यानं इतकं पुसा की लावलंच नाही असं वाटावं. इथंच बहुतेकांचं चुकते. तेल जास्त राहिलं की आठवड्यात चिकट होते अन् त्यावर धूळ बसते.

जवसाचं तेल घरी असेल तर उत्तम. पातळ हात देऊन धूर निघेस्तोवर तापवलं की कडक थर धरते. असे तीन हात, दर वेळी पूर्ण थंड होऊ देऊन. आधीचा जंग काथ्या अन् बारीक रेतीनं घासून काढा. चिंचेचं किंवा ताकाचं काही त्या कढईत करू नका, आंबटानं थर निघते. मधे वर्तमानपत्र घालू नका, पावसाळ्यात तो कागदच ओल धरून ठेवते. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बरा.

फसलेल्या गंजाला ठोकू नका, जर्मन लगेच पोचते. आतल्यात थंड पाणी भरा, बाहेरचा गरम पाण्यात ठेवा. बाहेरचा फुगते, आतला आवळते. जरा फिरवला की निघते.

कल्हईवाला
पितळ ठेवायच्या आधी आत पाहा. पांढरट कल्हई जाऊन पिवळं दिसत असेल तर त्यात आंबट काही ठेवू नका, कल्हई करूनच वापरा. कल्हई म्हणजे कथिल, ते 232 अंशांवर वितळते. म्हणून रिकामं पितळी भांडं चुलीवर ठेवायचं नाही. बाहेरून चिंच-मीठ लावलं तर भरपूर पाण्यानं धुवा. कडेच्या वळात मीठ राहिलं की तिथूनच हिरवा थर चढते. उन्हात वाळवा, फडक्यात गुंडाळा अन् माळ्यावर कवेलू गळत नाही अशा जागी ठेवा.

धामणगावकर
रोजची भांडी पालथी ठेवायची की सुलटी?

सुतारकाम
पालथीच, पाली-झुरळं फिरतात. पण सपाट पत्र्यावर पालथं भांडं आतल्या आत घामेजते, म्हणून खाली दोन बांबूच्या कमच्या घाला. बीड, कुकर, परात खालच्या कप्प्यात, पेले-वाट्या वर. झाकणं उभी. कुकरचं झाकण बंद करून ठेवू नका, उलटं टेकवा अन् रबर काढून वेगळं टांगा, नाहीतर वास धरते.